‘ओल्ड’ म्हणजे जुनी?

मला पहिल्यांदा ‘ओल्ड’ म्हणाला तो माझा नवरा. तेही चार माणसांदेखत, मी हातात कपबशा घेऊन उंबऱ्यात उभी असताना.

शिमग्याचे दिवस होते. आमचं घर शहरातून भाट्याची खाडी ओलांडली की पलीकडे, समुद्राच्या अंगाला, माडांत. नवरा मुंबईला गोदीत फिटर होता. लग्नानंतर पहिली काही वर्षं तो पालखीला नेमाने यायचा. मग वर्षाआड येऊ लागला, मग नुसता निरोप. सासरे खलाशी होते, ते माझ्या लग्नाआधीच वारले होते. घरात मी आणि सासूबाई दोघीच. मला मूल नव्हतं. मूल व्हायला नवरा घरी असावा लागतो, हे वाडीतल्या बायकांच्या कधी ध्यानात आलं नाही. त्या मलाच नवस सांगायच्या.

त्या वर्षी तो आगबोटीने आला आणि बरोबर एक बाई घेऊन आला. सतरा-अठरा वर्षांची असेल. हिरवं लुगडं, केसांत मुंबईचा चाप. मी आधी तिच्या गळ्याकडे पाहिलं. काळी पोत नवीकोरी होती. मग मला कोणी काही सांगायची गरज राहिली नाही.

त्याच्याबरोबर गोदीतला एक दोस्तही आला होता. ओटीवर बसून दोघे इंग्रजी शब्द टाकत बोलत होते, म्हणजे वाडीतल्यांनी ऐकावं म्हणून. मी चहा घेऊन आले तेव्हा दोस्ताने विचारलं, “ही कोण?”

“ही? ही आपली ओल्ड वाईफ,” नवरा म्हणाला आणि दोघे हसले.

शेजारचे दोन म्हातारे बसले होते, तेही न कळता हसले. सासूबाई दारामागून बाहेर आल्या. “काय म्हनलास? ओल? ओल तर भिंतीला येते.”

“ओल नाही गो आई. ओल्ड. जुनी.”

मी कपबशा तिथेच खाली ठेवल्या. “जुनी म्हणजे काय?” मी विचारलं.

“जुनी म्हणजे जुनी. पहिली. त्यात काय विचारायचं?”

“पहिली आणि जुनी एकच का? मग मला पहिली म्हणा. जुनी कशाला म्हणता?”

त्याला माझ्याकडून इतक्या शब्दांची सवय नव्हती. तो दोस्ताकडे पाहून पुन्हा हसला, पण या वेळी दोस्त हसला नाही. त्याने कप उचलून तोंडाला लावला.

त्या दिवशी संध्याकाळी नवऱ्याने बेत सांगितला. नवी मुंबईला खोलीवर राहील. जुनी इथे राहील, आईला बघेल, माडांना शिंपणं करील, भात लावील. वर्षातून एकदा तो दोघींना लुगडी आणील. कोणाला काही कमी पडणार नाही. हे सगळं तो इतक्या समजूतदारपणे सांगत होता, की मला क्षणभर वाटलं, आपल्यालाच काहीतरी कळत नाहीये.

“मी नाही राहणार तशी,” मी म्हटलं.

“मग कुठे जाशील?”

“ते मी बघेन. पण तुमच्या घरातलं माळ्यावर टाकलेलं भांडं होऊन राहणार नाही. आईंना बघीन ते आईंसाठी बघीन. तुमच्या सांगण्यावरून नाही.”

तो सासूबाईंकडे वळला. त्या आपली बाजू घेतील अशी त्याची खात्री होती. सासूबाई जमिनीवर पाय पसरून बसल्या होत्या, पोरीच्या हिरव्या लुगड्याकडे बघत. “तुज्या बापाची मालवणास दुसरी होती,” त्या म्हणाल्या. “तुला ठाव न्हाय. मी कुनास बोलली न्हाय. मी थोरली म्हनून गप बशली. ही बसंल असं मला वाटत न्हाय, आनि बसू नये. तू जा मुंबैला.”

हे मला नवीन होतं आणि त्यालाही. तो पालखी होईपर्यंत राहिला आणि लगेचच्या आगबोटीने निघून गेला. ती पोरगी जाताना माझ्या पाया पडायला वाकली. मी तिला आशीर्वाद दिला नाही आणि पाय मागेही घेतले नाहीत. तिचा काय दोष होता? पण आशीर्वाद देण्याइतकी मी तेव्हा मोठी नव्हते.

वाडीतल्या पोरांना मात्र शब्द सापडला होता. मी विहिरीवर गेले की “ओलवाईफ आली, ओलवाईफ आली” म्हणून ओरडायची. एकदा मी कळशी खाली ठेवून एकाचा कान धरला आणि विचारलं, “अर्थ काय त्याचा?” त्याला माहीत नव्हता. “मग अर्थ शिकून ये आणि मग हाक मार,” मी म्हटलं. खरं तर मलाही तो तेवढाच माहीत होता, नवऱ्याने सांगितला तेवढा. मी मराठी चौथी झालेली, पूर्णगडाच्या माहेरी वडिलांनी हट्टाने शिकवलेली. इंग्रजीचं एक अक्षर येत नव्हतं.

पुढच्या थंडीत सासूबाई कालवं काढायला खडकावर गेल्या आणि तळपाय कापून आल्या. कालवाचं शिंपलं सुरीसारखं असतं. त्यांनी हळद भरली, चिंधी बांधली आणि कामाला लागल्या. काही दिवसांनी पाय गुडघ्यापर्यंत सुजला, ताप भरला. मी त्यांना होडीत घालून खाडी ओलांडली आणि शहरातल्या बायकांच्या दवाखान्यात नेलं. तिथल्या डॉक्टरीणबाई मुंबईहून शिकून आल्या होत्या. जाड भिंगांचा चष्मा, बोलणं भराभर. त्यांनी चिंधी सोडली, वास घेतला आणि शेजारच्या नर्सला म्हणाल्या, “ओल्ड वूंड.”

मी कान टवकारले. मला वाटलं सासूबाईंना म्हणाल्या. “त्यांना काय म्हणता?” मी विचारलं.

“त्यांना नाही हो. जखमेला. जुनी झालीय जखम, इतके दिवस काय करत होता?”

सासूबाई तिथे बरेच दिवस पडून होत्या. मी त्यांच्या खाटेखाली चटईवर झोपायचे. नुसतं बसून राहायची सवय नव्हती, म्हणून मी शेजारच्या बायकांना पाणी द्यायचे, पेज भरवायचे, कोणाचं तान्हं रडलं तर घ्यायचे. दवाखान्यात आया कमीच होत्या. मेट्रनबाईंनी दोन-तीन दिवस नुसतं पाहिलं आणि मग काहीच न बोलता माझ्या हातात धुतलेल्या चादरींची चळत दिली. नोकरी लागली ती अशी.

तिथे तो शब्द सारखा कानावर येई. प्रत्येक वेळी मी चमकून वळायचे, आणि प्रत्येक वेळी तो कोणा दुसऱ्याचाच असायचा. एकदा डॉक्टरीणबाईंनी एका मुलाला हातात घेतलं. जेमतेम नाळ पडलेलं ते मूल, लाल, सुरकुतलेलं. नर्सने त्यांना सांगितलं, “फाईव्ह डेज ओल्ड.”

मी बादली घेऊन चालले होते, ती थांबलेच. “बाई, हे तान्हं ओल्ड कसं?”

डॉक्टरीणबाईंनी चष्म्यावरून पाहिलं. “तुम्हाला इंग्रजी येतं?”

“एकच शब्द येतो. तोच म्हणालात.”

त्या हसल्या नाहीत. मूल नर्सच्या हातात दिलं आणि हात धुताधुता सांगू लागल्या. इंग्रजीत वय सांगायचं तर सगळ्यांनाच ओल्ड म्हणतात. पाच दिवसांचं पोर पाच दिवस ओल्ड. शंभरीची बाई शंभर वर्षं ओल्ड. 

“म्हणजे कोणाला तरुण म्हणून वय सांगतच नाहीत?”

“नाही.”

“मग सगळेच ओल्ड.”

“सगळेच. तुम्ही, मी, तो दाराशी उभा आहे तो शिपाई.”

मी बादली उचलली. व्हरांड्यात येऊन मी एकटीच हसले. इतके महिने तो शब्द मी अंगावर घेऊन फिरत होते. आणि तो तर पाच दिवसांच्या पोराच्याही अंगावर होता! नवऱ्याच्याही होता, त्याच्या दोस्ताच्याही आणि त्या हिरव्या लुगड्यातल्या पोरीच्याही.

पण शब्द एवढ्यावर सुटणारा नव्हता. एक दिवस डॉक्टरीणबाई घाईत म्हणाल्या, “ओल्ड पेशंटला आधी आत आणा.” मला वाटलं, आता आपल्याला कळतं. मी बाहेर गेले. लांज्याकडची एक बाई बसली होती, दात नाहीत, पाठ वाकलेली. तिला मी हाताला धरून आत आणून टेबलावर बसवलं. डॉक्टरीणबाई वळल्या, हातात बाळंतपणाची हत्यारं. म्हातारी ती हत्यारं बघून ओरडायलाच लागली, “माजं सगलं जालं गो बाय, माजे नातू लग्नाचे हायत!” ओल्ड पेशंट म्हणजे आधी एकदा येऊन गेलेली, ती कोपऱ्यात बसलेली पहिलटकरीण. वय अठरा. सगळा दवाखाना त्या दिवशी हसला, म्हातारीसुद्धा. मी सोडून. मी संध्याकाळी डॉक्टरीणबाईंच्या खोलीच्या दाराशी गेले आणि म्हटलं, “मला इंग्रजी शिकवा. एका शब्दाने माझी दोनदा फजिती केलीय. तिसऱ्यांदा होऊ देणार नाही.”

त्यांनी शिकवलं. दुपारची जेवणं झाली की थोडा वेळ. अक्षरं मला वाटली त्यापेक्षा सोपी होती. माणसांच्या तोंडातून निघाली की मात्र ती ओळखू येत नसत.

दरम्यान सासूबाईंचा पाय बरा झाला. त्यांना घरी सोडायच्या दिवशी साहेब डॉक्टर आले होते, गोरे, अधूनमधून तपासणीला यायचे. सासूबाई त्यांच्यासमोर काठी बाजूला टाकून चालून दाखवत होत्या. साहेब खूश होऊन म्हणाले, “गुड ओल्ड गर्ल!” आणि त्यांनी टोपी काढली.

सासूबाईंनी मला विचारलं, “ह्यो काय बोलला? ओल्ड बोलला काय?”

आता मला उत्तर द्यावं लागणार होतं आणि मला येत नव्हतं. डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, “आजी, ते प्रेमाने म्हणतात. शाब्बास म्हातारे, असं.”

“पिरेमानं म्हनायचं तर नीट म्हना म्हनावं,” सासूबाई म्हणाल्या. पण होडीत बसल्यावर त्यांनी मला पुन्हा विचारलं, “गर्ल म्हंजे काय?” 

“पोरगी.”

त्या बराच वेळ पाण्याकडे बघत राहिल्या. “म्हंजे म्हातारी पोरगी,” त्या म्हणाल्या. “वाईट न्हाय गो.”

दवाखान्यात तेव्हा नर्सचं काम शिकवायला मुली घेत असत. अठरा-वीस वर्षांच्या, बहुतेक किरिस्तावांच्या किंवा अनाथ. पावसाळा संपता संपता डॉक्टरीणबाईंनी माझं नाव मेट्रनबाईंकडे घातलं. मेट्रनबाई साताऱ्याकडच्या. बोलणं घाटावरचं, ठासून. शिस्तीच्या फार. त्यांनी मला बोलावलं, त्या वेळी सासूबाईही बरोबर होत्या. त्या माझी भाकरी घेऊन आल्या होत्या आणि मला कशाला बोलावलंय हे कळल्यावर हलायला तयार नव्हत्या.

“वय काय तुमचं?” मेट्रनबाईंनी विचारलं.

मला नक्की माहीत नव्हतं. “प्लेगाच्या साली मी जन्मले, एवढं आई सांगायची.”

मेट्रनबाईंनी मनात हिशेब केला. मान हलवली. “नाही व्हायचं. टू ओल्ड. तुमचं वय झालं बाई. या वयात हात वळत नाहीत, डोकं वळत नाही. आयाचं काम चांगलं करता, तेच करा.”

हा त्या शब्दाचा आणखी एक अर्थ होता आणि हा कोणाला विचारून घ्यायची मला गरज नव्हती. रडू नको, रडू नको, असं मी स्वतःला सांगत असतानाच सासूबाई पुढे झाल्या.

“बाय, तुमच्या घाटार नारल व्हत न्हाय,” त्या म्हणाल्या. “म्हनून सांगते. शहाळ्यात पानी असतं. गोड असतं, मी न्हाय म्हनत न्हाय. पन तेल पायजे तर जून नारल लागतो. शहाळ्याचं तेल काढून दाखवा मला.”

मेट्रनबाईंचा चेहरा हलला, पण त्या हसल्या नाहीत. “आजी, इथे तेल नाही काढायचं. इथे परीक्षा असते.”

“मग घ्या परीक्षा,” मी म्हटलं. माझा आवाज मलाच मोठा वाटला. “घेतल्याशिवाय कसं कळणार डोकं वळतं की नाही? आणि नाही वळलं तर चादरी आहेतच. त्या कुठे जात नाहीत.”

तेवढ्यात डॉक्टरीणबाई दारात आल्या. त्यांनी सगळं ऐकलं होतं. “मेट्रन, मीही प्लेगाच्याच सालची,” त्या म्हणाल्या. “हिचं वय झालं असेल तर माझंही झालं. मग उद्यापासून बाळंतपणं कोण करणार ते सांगा.”

मेट्रनबाईंनी हातातला टाक खाली ठेवला आणि उचलला. “सहा महिने बघते,” त्या म्हणाल्या. “जमलं नाही तर मी ऐकणार नाही कोणाचं.”

जमलं असं म्हणता येणार नाही. मी पहिल्या परीक्षेला नापास झाले. हाडांची नावं मला पाठ होत नव्हती. बरोबरच्या मुली रात्रीत पाठ करून टाकत आणि सकाळी विसरत. माझ्या डोक्यात एखादी गोष्ट जायलाच वेळ लागे, पण गेली की राही. त्या मुली मला आधी ‘आजी’ म्हणत. मी त्यांना म्हटलं, “आजी म्हणायचं तर पाया पडा रोज सकाळी.” दोन दिवस खरंच पडल्या, खिदळत. मग कंटाळल्या आणि ‘ताई’ म्हणू लागल्या.

नापास झाले त्या दिवशी मी भाट्याला गेले. सासूबाई परसात शेणी थापत होत्या. त्यांनी विचारलं, मी सांगितलं. त्या म्हणाल्या, “मेट्रनबाय काय बोलली?”

“काही नाही. म्हणाली, पुन्हा बस.”

“मग बस.” आणि त्यांनी दुसरी शेणी थापली.

दुसऱ्या खेपेला मी पास झाले. मेट्रनबाईंनी मला पांढरं लुगडं आणि टोपी दिली तेव्हा टोपी त्यांनी स्वतःच्या हाताने लावली. “हात बरे वळतात तुमचे,” एवढंच म्हणाल्या. त्यांच्याकडून ते पुष्कळ होतं. पुढे माझे हात शहरात माहीत झाले. अडलेल्या बायका माझंच नाव सांगत. आमच्या घरात जुन्या तांदळाचं फार कौतुक. नवा भात गिचका होतो, जुना मोकळा शिजतो, पोटाला सोसतो. पण बाईचं वय वाढलं की तांदळाचा न्याय तिला कोणी लावत नाही. मी तो माझा मीच लावून घेतला.

नवऱ्याकडून या काळात काही निरोप नव्हता. मीही त्याची वाट पाहिली नाही. मग मंदीचे दिवस आले. मुंबईतली माणसं भराभर परत येऊ लागली. एका संध्याकाळी मी काम संपवून भाट्याला पोचले तर ओटीवर तो बसलेला. कानशिलं पांढरी, गाल बसलेले. आत त्याची दुसरी बायको चुलीपाशी आणि तिच्या कडेला मुलगी. गोदीतलं काम सुटलं होतं.

“आता आम्ही इथेच राहणार,” तो म्हणाला. “तुझं चालू राहू दे दवाखान्यात. चांगलं आहे. घराला हातभार.”

“कोणाच्या घराला?”

“आपल्याच.”

“मला जुनी म्हणून टाकलीत तेव्हा आपलं होतं का?” मी म्हटलं. “आता मी मिळवायला लागले तर लगेच आपलं झालं?”

तो चिडला. त्याने गावकीकडे तक्रार केली, की बायको नांदत नाही आणि दवाखान्यात परजातीत वावरते. गावकी म्हणजे आमच्या वाडीतली पाच-सहा वयस्क माणसं. देवळाच्या सभामंडपात बसली. बायका कुंपणाबाहेर उभ्या. मला बोलावलं, तर मी पांढऱ्या लुगड्यातच गेले. मुद्दाम गेले. बदलायला वेळ होता, पण बदललं नाही.

“नांदायला का जात नाहीस?” मुख्य होते त्यांनी विचारलं.

“मी घरातच आहे. नवराच कुठे होता?”

“आता आलाय.”

“आता मी नाही. मला काडीमोड द्या.”

आमच्या जातीत काडीमोड होती, पण ती तरुण पोरी मागत. मग एकजण समजुतीच्या सुरात म्हणाला, “बाय, या वयात काडीमोड घेऊन काय करशील? पस्तिशी आली. तुला आता कोण करणार?”

“मला कोणी करायचं नाही. माझं मी करते. या वयात, या वयात, असं मला सगळे म्हणतात. तुम्ही सांगा, कुठलं वय बरोबर? लग्न झालं तेव्हा मी लहान होते, म्हणून मला विचारलं नाही. आता मोठी झाले, म्हणून विचारत नाही. मग विचारायचं वय मला कधी होतं?”

कुंपणाबाहेर एक बाई “खरं हाय गो” म्हणाली. तिला कोणीतरी गप्प केलं.

सासूबाईंना विचारलं. त्यांनी उठायला माझा हात धरला. “मुलगा माजा हाय,” त्या म्हणाल्या. “घर त्याला द्या. त्याची पोर हाय, ती माजी नात हाय, मी तिला बघाय येईन. पन मी राहीन सुनेकडे.”

नवरा म्हणाला, “आई, लोक काय म्हणतील?”

“म्हनू देत. माज्या येळेला मी लोकांचं ऐकलं.”

शेवटी त्यांनी काडी आणली. वाळकी गवताची काडी. ती नवऱ्याच्या हातात दिली. त्याने ती धरली, पण मोडेना. त्याच्या बोटांत ताकद नव्हती असं नाही. त्याला वाटत असावं, अजून मी काहीतरी बोलेन. मी पुढे झाले, काडीचं दुसरं टोक धरलं आणि मोडली. असं बाईने मोडायचं नसतं म्हणे. मुख्य म्हणाले, “अगो, काय करतेस!” पण मोडलेली काडी परत जोडता येत नाही, हे त्यांनाही माहीत होतं. त्यांनी अर्धी माझ्यासमोर आणि अर्धी त्याच्यासमोर टाकली आणि उठले.

मला त्या दिवशी आनंद झाला असं मी म्हणणार नाही. घरी येऊन मी माझी ट्रंक भरली तेव्हा त्याची दुसरी बायको दाराशी उभी होती. “मी काय करू?” ती म्हणाली. तिच्या डोळ्यांखाली काळं आलं होतं. ती आता पंचविशीची असेल, आणि मला पहिल्या दिवसापेक्षा ती फार थकलेली दिसली.

“दुखणं-खुपणं आलं तर दवाखान्यात ये,” मी म्हटलं. “माझ्याकडे म्हणून ये. लाजू नकोस.” ती पुढे दोनदा आली, एकदा मुलीला तापात घेऊन आणि एकदा स्वतःच्या बाळंतपणाला. दोन्ही वेळा मी तिथे होते.

सासूबाई आणि मी शहरात, राजिवड्याला एक खोली घेऊन राहिलो. काडीमोडीने त्या माझ्या कोणी राहिल्या नव्हत्या. तरी लोक विचारीत, “ही कोण?” आणि त्या सांगत, “माजी सून.” लोक गोंधळत. त्या गोंधळू देत.

एकदा लांज्याहून माणूस आला. तिथल्या एका घरी बाई अडली होती, गावच्या सुईणीने हात टेकले होते. डॉक्टरीणबाई चिपळूणला गेलेल्या. मेट्रनबाईंनी मला जायला सांगितलं. मी पेटी घेऊन खोलीवर चप्पल बदलायला आले तर बातमी आधीच पोचलेली, सासूबाई पदर खोचून तयार.

“तुम्ही कुठे?”

“तुज्यासंगती. परमुलखात एकटी कशी जाशील?”

“आई, मोटारीने जायचंय. तुम्हाला उलटी होईल.”

“मी पडावात बसून वादळात मालवणास गेली हाय. ती तुजी मोटार काय करील मला?”

सर्व्हिस मोटार भरलेली होती. ड्रायव्हरने त्यांना मागे बसायला सांगितलं, म्हातारं माणूस, मागे नीट टेकून बसा म्हणाला. त्या ऐकेनात. पुढच्या बाकावर एक तरुण सोनार बसला होता, त्याला त्यांनी उठवला आणि त्या जागी बसल्या. हातखंब्याचा चढ लागला तशी मोटार घुरघुरत थांबायला लागली. ड्रायव्हर खाली उतरून पाणी घालू लागला. सासूबाई खिडकीतून ओरडल्या, “घाई कर रे मेल्या, बाय अडलीय तिकडं!” सगळी मोटार हसली आणि मग दोघेजण उतरून ढकलायला लागले.

लांज्याला पोचलो तेव्हा ऊन कलत होतं. घर बाजारापासून आत, काजूच्या बागेला लागून. अंगणात माणसं टोळक्याने उभी होती, बायका डोळ्यांना पदर लावून. सुईण उंबऱ्यावर बसली होती. आम्हाला पाहून ती उठली आणि माझ्याऐवजी सासूबाईंकडे गेली, कारण दोघींत त्याच वयस्क दिसत होत्या.

“मी न्हाय,” सासूबाई म्हणाल्या, “ही.” आणि अंगणातल्या बायकांकडे वळून त्यांनी आवाज चढवला, “रडताय काय? चूल पेटवा. पानी तापवा आधी, चांगलं मोठ्या टोपातून.”

मी बाह्या वर सारल्या आणि आत गेले.